उष्टा खेळ

लॅपटॉपच्या बटणांवर बोटं टेकवली आणि आत्याने ती झटकन उचलली. बटणं चिकट होती. काहीतरी तेलकट, काहीतरी गोड, आणि वर कसलेसे कण. आणून देण्याआधी भाच्याने त्याच्यापुढे बसून काय काय चरलं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"अरे, पुसून तरी आणायचास."

"आत्या, तुझा खेळ सुरू झालाय आणि तुला पुसापुशी सुचतेय! हे बघ ना, समोर आलाय!"

आत्या जन्मापासून आंधळी. 'बघ ना' म्हटलं म्हणून ती कधी रुसली नाही. तेवढ्यावरून रुसायचं ठरवलं असतं तर आयुष्यात बोलायला माणूस उरलं नसतं. तिने रुमालाने बटणं निपटून काढली, कानाला हेडफोन लावला आणि वाट पाहिली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर म्हणाला, "खिडकी. रिकामी."

"रिकामी म्हणतोय."

"रिकामी कशी असेल? मला दिसतंय की! 'तुम्ही पाणचक्कीच्या अंगणात उभे आहात.' ढळढळीत लिहिलंय."

"तुला दिसतंय रे बाबा. मला तो सांगत नाहीये."

भाच्याचं हे असं होतं. सॉफ्टवेअर कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता, पण एखादी गोष्ट चालते की नाही हे तो डोळ्यांनी तपासायचा आणि डोळ्यांना पटलं की विषय संपला. जुना खेळ नव्या मशीनवर आपणहून चालत नाही, म्हणून त्याने जुन्या मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्राम आणला होता. सोंग हुबेहूब होतं. पण त्या सोंगाच्या खिडकीत अक्षरं म्हणजे नुसते रंगाचे ठिपके, चित्रं. स्क्रीन रीडरच्या हाती त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं.

मग त्याने चित्रातली अक्षरं ओळखणारा आणखी एक प्रोग्राम त्यावर बसवला. आता स्क्रीन रीडर बोलू लागला, पण कसा? आत्याने एक शब्द टाइप केला की पडदा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायचा. अंगण, ओटा, विहीर, मघाशी टाइप केलेलं, त्याच्या मघाशी टाइप केलेलं, आणि सगळ्यात शेवटी, कान किटल्यावर, नवी ओळ. एकच गोष्ट सतरांदा सांगणाऱ्या पाहुण्यासारखं. आत्याने चार पावलं चालून पाहिलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"नको रे. मळमळतंय."

"थोडी सवय होऊ दे ना."

"मळमळण्याची कसली सवय करायची?"

भाचा फणकारून लॅपटॉप घेऊन गेला. आत्या बसून राहिली. तिच्या एकटीच्या खोलीत जुना कॉम्प्युटर अजून टेबलावर होता, पण आता तो थंडगार लाकडासारखा. बटण दाबलं तर टिक्क म्हणायचा आणि बस्स. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं, हळहळला, आणि आतलं सामान एका काडीएवढ्या पेनड्राइव्हवर काढून दिलं. तेवढाच काय तो जीव वाचला.

आत्या एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होती. तिचा नवराही आंधळा. पियानो, ऑर्गन सुरात लावून द्यायचा. लग्नानंतर दोघांनी मिळून तो कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याला एक बोलणारी पेटी जोडली होती. पेटीचा आवाज घसा बसलेल्या कारकुनाचा, म्हणून नवऱ्याने तिला नाव ठेवलं घोगरेसाहेब. घोगरेसाहेब ना हसायचे ना रडायचे. समोर जे येईल ते वाचायचे.

'पाणचक्की' हा खेळ टंकलेखनाचा क्लास चालवणाऱ्या कुणा गृहस्थाने स्वतः रचून थोड्याशा फ्लॉपींवर विकला होता. त्यात चित्र नाही, संगीत नाही. नुसता मजकूर. तुम्ही कुठे आहात ते खेळ सांगायचा. तुम्ही 'उत्तरेला जा' किंवा 'कंदील उचल' असं टाइप करायचं. मग तो पुढचं सांगायचा. डोळस माणसाला त्यात जेवढं मिळायचं तेवढंच आत्याला मिळायचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

आणि खेळ होता महाखवट. कंदील न घेता विहिरीत उतरलं की म्हणायचा, "बुडालात. विचारलं असतंत तर सांगितलं असतं, पण तुम्ही कशाला कुणाला विचाराल?" नवरा हसता हसता खुर्चीवरून घसरायचा. तो टाइप करायचा आणि आत्या पाणचक्कीचा नकाशा डोक्यात ठेवायची. टेलिफोन बोर्डाच्या साऱ्या तारा जिच्या डोक्यात होत्या तिला चार कोठारं आणि एक पाट ठेवणं काय जड?

सगळी पाणचक्की त्यांनी पालथी घातली. राहिलं एक दार, चाकाच्या खोलीचं. "दाराला कडी नाही, कुलूप नाही, आणि तुमच्यापाशी कल्पना नाही," असं खेळ म्हणायचा. बिजागरीला तेल घालून झालं, पाटाचं पाणी अडवून झालं, पीठ उधळून झालं. दार ढिम्म. कुणाला विचारायचं नाही, असा दोघांनी नेम केला होता. विचारायला तसं होतं तरी कोण? पण नेम तो नेम. नवरा गेला तेव्हा दार बंदच होतं. त्यानंतरही आत्याने नेम सोडला नाही. रोज संध्याकाळी, हातातली कामं उरकली की दाराशी जायचं, एखादा नवा उपाय करायचा, खेळाचा टोमणा ऐकायचा आणि उठायचं. ती काही नवऱ्याच्या नावाने आसवं गाळायला तिथे जात नव्हती. तिला ते दार उघडायचं होतं, स्वतःच्या डोक्याने.

आता कॉम्प्युटर बंद पडला आणि दारापर्यंत पोचायची वाटच बुजली.

भाचा बरेच दिवस फिरकला नाही. मग एकदा वहिनी, म्हणजे भाच्याची आई, धापा टाकत आली.

"वन्सं, ती तुमची आवडती साडी काढून ठेवा. तुमचा भाचा तुम्हाला सगळ्यांसमोर मिरवणार आहे!"

"मला? मी काय केलं?"

"तुमचा खेळ हो! त्याने नव्याने केलाय, आंधळ्यांनाही खेळता येईल असा. कंपनीत मोठा कार्यक्रम आहे. पोस्टरवर तुमचा फोटो छापलाय. इतका गोड आलाय!"

आंधळ्यांनाही. त्या 'ही'पाशी आत्या जराशी अडखळली, पण वहिनीच्या आवाजातला आनंद तिला मोडवेना. पोराने एवढी मेहनत घेतली. "आधी घरी आणून दे म्हणावं," एवढंच म्हणाली.

"छे, म्हणतो कसा, आत्याला एकदम तिथेच कळू दे."

कार्यक्रमाच्या सभागृहात शिरताच नाकात फुलांच्या खोट्या वासाचा भपकारा घुसला. कुणीतरी तिचा कोपर धरला. धरला म्हणजे काय, चिमट्यात पकडून सामान हलवावं तसं तिला हलवू लागलं. "पायरी आहे हंऽऽ" असं कानाशी ओरडलं. आंधळ्याला ऐकूही कमी येतं अशी काही लोकांची पक्की समजूत असते. दुसऱ्या कुणीतरी वहिनीला विचारलं, "त्यांना पाणी हवंय का?"

"त्यांना विचारा ना," आत्या हळूच म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

मंचावर निवेदिका होती, तुपात घोळलेल्या आवाजाची. "ज्यांच्या आयुष्यात प्रकाश नाही त्यांच्याही बोटांना आज खेळायला मिळणार आहे!" टाळ्या. आत्याच्या अंगावर काटा आला, पण शहाऱ्याचा नव्हे. हातावरून पाल सरकावी तसा.

भाच्याने तिचे हात बटणांवर ठेवले. त्याची बोटं घामेजली होती. "खेळ बिनधास्त," तो कुजबुजला.

वाऱ्याचा आवाज सुरू झाला. मग बासरी. मग एक बाईचा आवाज, आजारी मुलाला औषध पाजताना काढतात तसा. "नमस्कार! तुम्ही एका सुंदरशा पाणचक्कीच्या अंगणात उभे आहात. घाबरू नका हं, मी आहे ना तुमच्याबरोबर."

आत्याला वाटलं, चुकून दुसराच खेळ लावला. तिने मुद्दाम कंदील न घेता विहिरीत उडी टाकली. बुडायचंच होतं तिला. निदान ओळखीचा टोमणा तरी कानावर पडेल.

"अरेरे! काही हरकत नाही. तुम्ही खूप छान प्रयत्न केलात. पुन्हा करू या?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विहिरीत पडल्याबद्दल.

पुढे पुढे तर कहरच झाला. आत्या विचार करायला क्षणभर थांबली की बाई लगेच मध्ये पडायची. "अडलात का? सांगते हं!" आणि खरोखरच सांगायची. डावीकडे वळा. दोर ओढा. शाब्बास. आत्याला काही करायला उरतच नव्हतं. ती भराभर पुढे निघाली, ह्या बाईच्या आधी कुठेतरी पोचावं म्हणून, आणि पोचली ती नेमकी चाकाच्या खोलीच्या दाराशी.

तिथे आल्यावर तिला कळलं, पुढे काय होणार आहे ते. तिने बटणांवरून हात उचलले. "अरे, थांबव हे," ती भाच्याकडे मान वळवून म्हणाली. "इथे थांबव. तिला सांगू देऊ नकोस."

"काय गं? ऐक ना, आता तर मजा आहे!"

ती हातांनी कान झाकणार, तोवर सभागृहभरच्या स्पीकरमधून बाई म्हणाली, "अडलात का? सांगते हं! दाराला प्रेमाने हाक मारा."

भाच्यानेच तिच्या खांद्यावरून हात घालून ते टाइप केलं. दार करकरलं. बासरीला व्हायोलिनं येऊन मिळाली. पाणी खळखळलं, चाक फिरलं, आणि बाई गहिवरून म्हणाली, "पाणचक्कीला तिची माणसं परत मिळाली!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

आत्या बसल्या जागी बसून राहिली. तिच्या तोंडात कसलीतरी चव आली होती. आपल्या ताटातला घास कुणीतरी उचलावा, स्वतःच्या तोंडात चांगला चावून घोळवून मऊ करावा, आणि मग बोटांनी आपल्या ओठांत कोंबून विचारावं, गोड आहे ना? एवढी वर्षं ज्या दारापुढे नवऱ्याने आणि तिने डोकं फोडलं, ते हाकेने उघडायचं? प्रेमाने? आणि ते आता ऐकून झालं होतं. ऐकलेलं परत ओकता येत नाही.

निवेदिकेने माइक तिच्या तोंडाशी आणला. "काय वाटतंय तुम्हाला ह्या क्षणी?"

"घरी जायचंय," आत्या म्हणाली.

"किती निरागस!" निवेदिका म्हणाली, आणि सगळे प्रेमाने हसले.

वहिनीला तिने बेसिनपाशी न्यायला सांगितलं. तिथे तिने हात धुतले, मग पुन्हा धुतले, चूळ भरली. वहिनी बाहेर फोटोवाल्यांत अडकली. शेजारच्या नळावर कुणीतरी घुटमळत होतं.

"मी तुमच्या भाच्याच्या टीममध्ये आहे," मुलीचा आवाज म्हणाला. "टेस्टिंग करते. एक विचारू? तुम्हाला घरी तो साधा खेळ आवडला नाही का?"

"कुठला साधा?"

मुलीच्या नळाचं पाणी उगाच वाहत राहिलं. "म्हणजे तुम्हाला दिलाच नाही? अहो, जुनी मशीन आख्खी उभी करायची गरजच नव्हती. खेळाची फाइल तशीच उचलायची आणि तिच्यातला मजकूर साध्या खिडकीत एकेक ओळ टाकायचा. स्क्रीन रीडर फक्त नवी ओळ वाचतो. त्यानेच केलं होतं ते, अगदी सुरुवातीला. मी डोळे मिटून अर्धा तास खेळले. विहिरीत बुडले आणि इतक्या शिव्या खाल्ल्या म्हणून सांगू!"

"मग?"

"मग तो म्हणाला, हे स्टेजवर फारच उघडं-बोडकं दिसेल. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, लोकांनी पाहायचं काय?"

आत्याने नळ बंद केला. स्वतःचा नव्हे, त्या मुलीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा पेढ्याचा पुडा द्यावा तशा उत्साहात आला आणि दारातच आत्याने त्याला पकडलं.

"ते साधं कुठाय?"

"काय साधं?"

"सोंग करू नकोस. नळावर सगळं कळलं मला."

भाच्याने सुस्कारा सोडला. "अगं, त्यात काहीच नाहीये आत्या. नुसत्या ओळी."

"मला नुसत्या ओळीच हव्या होत्या. तुला ते तेव्हाच जमलं होतं. माझ्या संध्याकाळी अशाच गेल्या आणि तू ते खिशात घालून फिरत होतास, कारण डोळेवाल्यांना बघायला काही नव्हतं!"

आत्याचा आवाज एरवी असा की शेजारच्या खोलीत जात नसे. आत्ताही तो चढला नव्हता. पण भाचा मुकाट्याने खुर्चीत बसला आणि काम करू लागला. काम फार नव्हतंच. आत्याने त्याला आधी हात धुवायला लावले तेवढाच वेळ लागला.

"हे घे. चालू आहे."

"बघून म्हणतोयस की ऐकून?"

त्याने हेडफोन कानाला लावला, ऐकलं, आणि तिच्या हातात दिला.

"तुम्ही पाणचक्कीच्या अंगणात उभे आहात. कुणी बोलावलं नव्हतं," स्क्रीन रीडर म्हणाला. आवाज घोगरेसाहेबांचा नव्हता, पण हाही कोरडाच होता. हाही मध्ये मध्ये करत नव्हता. आत्या एक ओळ टाइप करी, एक ओळ ऐकू येई. ती थांबली की तोही थांबे. तिला किती बरं वाटलं ते तिने भाच्याला कळू दिलं नाही.

ती अंगणातून निघाली. कंदील, विहीर, पाट, कोठारं. बोटांना वाट पाठ होती. दाराशी आली आणि तिथे बोटं जड झाली. आता उत्तर ठाऊक होतं. टाइप केलं की झालं, उष्टं तर उष्टं. आणि न टाइप करून तरी काय? डोक्यात बसलेलं कुठे काढून टाकणार? रोज इथे यायचं, आणि त्या बाईचा गोड आवाज गिळून दुसरंच काहीतरी शोधल्यासारखं करायचं? असली नाटकं तिच्याच्याने झाली नसती. तिने ओठ घट्ट मिटले, नकोशा वस्तूला चिमटीत धरावं तसं एकेक अक्षर दाबलं. 'दाराला प्रेमाने हाक मार.'

"दार बहिरं आहे," खेळ म्हणाला. "आणि प्रेमाबिमाचं इथे काही चालत नाही."

आत्याने ते पुन्हा ऐकलं. मग 'दाराला हाक मार' असं नुसतंच टाइप केलं. "आधीच सांगितलं. आता बहिरं कोण?"

ती अशी हसली की भाचा दचकला. "काय झालं?"

"दार बंद आहे. तुझ्या बाईने सांगितलेलं केलं, तरी बंद आहे!"

भाचा काही बोलला नाही. खुर्ची तेवढी कुरकुरली. आत्याचं हसू हळूहळू ओसरलं. न बोलण्याचे प्रकार तिला बोर्डावर बसून बसून चांगले कळत होते.

"म्हणजे तुलाही ते दार उघडलं नाही."

"कुणालाच नसतं उघडलं आत्या. मी सगळं करून पाहिलं. कार्यक्रमाची तारीख डोक्यावर आलेली. शेवट तर हवाच होता ना? लोक रडले अगं शेवटाला."

"स्वतःला उघडता आलं नाही, म्हणून दारच बदललंस. आणि मला त्यापुढे बसवून टाळ्या घेतल्यास." तिने हेडफोन गळ्यात उतरवला. "त्यांना सांगितलंयस, शेवट तुझ्या पदरचा आहे म्हणून?"

"सगळीकडे 'मूळ खेळ, नव्या रूपात' असंच गेलंय."

"शी!" आत्या म्हणाली. एवढंच. भाच्याला मोठ्या शिव्या सोसल्या असत्या. हे त्याला सोसलं नाही.

"पण खरं उत्तर काढता येईल!" तो घाईघाईने म्हणाला. "फाइल फोडून आत बघायचं. वेळखाऊ काम आहे, म्हणून तेव्हा केलं नाही. पण आत कुठेतरी लिहिलेलं असणारच. मी शोधतो आणि तुला..."

"आत बघितलंस आणि तोंडातून ब्र काढलास, तर ह्या घराचं दार तुला उघडायचं नाही. प्रेमाने हाक मारलीस तरी."

भाचा कसनुसं हसला. तिने हसू दिलं, पण सोडलं नाही.

"माझा फोटो काढून टाक त्या पोस्टरवरून. आणि खेळाचं नाव बदला. त्याला पाणचक्की म्हणू नका."

"कंपनी नाही ऐकायची गं. लोकांना आवडलाय तो."

"आवडू दे. लोक आवडीने उष्टं खातील, म्हणून मी वाढायला उभी राहू? तू जाऊन सांग. नाही सांगितलंस तर मी फोन लावीन. लोकांना फोन जोडून द्यायचाच धंदा केलाय मी जन्मभर."

तो उठला. दारापर्यंत गेला, थांबला, काहीतरी म्हणावं की नाही असं त्याच्या चपलांच्या आवाजावरून वाटलं. "सांगून बघतो," असं पुटपुटून गेला. सांगेल की नाही, आत्याला खात्री नव्हती. त्या गोड बाईचा आवाज अजून कानाच्या तळाशी पाकासारखा चिकटून होता आणि तो एवढ्यात निघणार नव्हता.

तिने हेडफोन चढवला. संध्याकाळ व्हायला अवकाश होता. नेमाची वेळ झालेली नव्हती. नसली तर नसली, आजचा दिवस. आजवर ह्या दाराशी ती आणि नवरा काहीतरी करतच आले होते. ओढलं, ढकललं, घासलं, ओतलं. तिने थोडा विचार केला. पाहिजे तेवढा वेळ केला, कुणी मध्ये बोललं नाही. मग टाइप केलं, 'दाराला पाठ टेकून बस.'

"बसलात," खेळ म्हणाला. "दार तुमच्यापेक्षा जास्त वेळ बसू शकतं."

"बघू या," आत्या म्हणाली, आणि उशी पाठीशी ओढून घेतली.